डबीताईची पायरी

बेचाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या बाईचा चेहरा तिचा एकटीचा राहत नाही. माझ्या चेहऱ्यावर किती जणांनी हात चालवला त्याची गणती नाही. कोणी मला राणी केलं, कोणी भिकारीण, कोणी ऐन तिशीत साठीची सासू. पण सगळ्यांत हलका आणि खरा हात कोणाचा, असं विचाराल तर मी डोळे मिटून सांगेन, डबीचा. आणि डोळे मिटूनच सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी गोष्ट डोळ्यांचीच आहे.

ती आमच्या नाटक कंपनीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रंगभूषाकाराची मदतनीस. अंगाने एवढीशी, आणि कमरेच्या पिशवीत सदैव चार-पाच पत्र्याच्या डब्या खुळखुळत. आवाज आधी यायचा, ती मागून. पहिल्याच आठवड्यात तिचं नाव डबी पडलं आणि ते आजतागायत निघालं नाही. तिने मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हाच.

कंपनी गरीब. परदेशी रंगाच्या कांड्या होत्या त्या फक्त नायकासाठी, आणि तोही त्या कुलपात ठेवायचा. बाकी आम्हा सगळ्यांचे चेहरे डबी एका फुटक्या बशीत बनवायची. सफेदा, पिवडी, चिमूटभर लाल आणि तेल. एकदा नाटकात बारा शिपाई होते. ते येऊन दोन मिनिटांत मरायचे. दिग्दर्शक म्हणाले, "अगं, मरायचंच आहे त्यांना. एका रंगात बुडव सगळ्यांना."

डबी म्हणाली, "बारा आयांची बारा पोरं आहेत, साहेब. एका रंगात कशी बुडतील?"

बारा वेगळ्या बोटभर रंगांनी तिने बारा शिपाई रंगवले. प्रेक्षकांना काय कळलं असेल देव जाणे, पण ते शिपाई त्या दिवशी जरा ऐटीत मेले.

तिचं एकच व्रत होतं. कोणाला गोरं करायचं नाही. जो रंग आईबापांनी दिला, तोच नीट धुवून-पुसून पुढे आणायचा. "मी चेहरा बदलत नाही," ती म्हणायची, "त्याच्यावरची झोप उडवते." आणि त्यासाठी तिच्याजवळ एकच भांडवल होतं, नजर. नुसत्या बघण्याने ती सांगायची की या कातडीत पिवळं किती आहे, तांबडं किती, आणि आतून निळसर काय डोकावतंय. त्या नजरेवर तिने आयुष्य चालवलं.

लग्न केलं तेही कंपनीतल्याच माणसाशी. तो दिवेवाला. दोघांचं कायम जुंपलेलं. "तू रंगव, मी बिघडवतो," तो वरून दिव्यांच्या माळ्यावरून ओरडायचा, कारण त्याच्या पिवळ्या झोतात तिचं सगळं लाल उडून जायचं. लेक नऊ वर्षांची असताना तो गेला. पाठोपाठ कंपनीही बंद पडली. मी म्हातारी म्हणून घरी बसले. डबीला बसून चालणार नव्हतं.

ती एका दुकानात लागली. सुया-दोऱ्यापासून शाम्पूपर्यंत सगळं मिळणारं लांबट, अंधारं दुकान. दाराशीच काचेचं छोटं कपाट, त्यात पावडरी, लिपस्टिका, काजळ, क्रीम. तेवढं डबीच्या ताब्यात. आणि दुकानाला बाहेर एक रुंद दगडी पायरी. ही पायरी म्हणजे डबीचा रंगमंच. कोणी पावडर मागितली की ती आधी गिऱ्हाइकाला बाहेर काढायची.

"ट्यूबलाइटचं काही खरं नाही. ती सगळ्यांना आजारी करते. पायरीवर चला."

मग भर दिवसाच्या उजेडात, जिथे जबडा संपून मान सुरू होते तिथे, बोटाने एक रेघ. मनगटावर कधीच नाही. "मनगट घेऊन कोणी तोंड दाखवायला जातं का?" ती विचारायची. ती रेघ दिसेनाशी झाली की तो रंग तुमचा. दिसत राहिली की दुसरी डबी. तीन रेघांच्या पुढे मी तिला गेलेलं पाहिलं नाही.

मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन स्टुलावर बसायची. घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं. एकदा नवी नोकरी लागलेली एक मुलगी आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "ताई, हे क्रीम आहे?"

डबीने किंमत वाचली. "यात काय, तुझ्या घराचं भाडंही धरलंय का?"

"सगळ्या म्हणतात, चांगलं आहे."

"चांगलं आहेच. डबी उघडताना आवाज काय छान होतो. बस. रात्री तोंड धुतेस?"

"कधी कधी."

"मग क्रीम पण कधी कधीच चालेल." तिने ग्लिसरीनची छोटी बाटली काढली. "ओल्या चेहऱ्यावर दोन थेंब, पाण्यात कालवून. सुक्यावर लावशील तर चिकटशील सगळ्यांना. ही लिपस्टिक घे. ओठांना लाव, उरलेलं बोट गालांवर टेकव, त्याहून उरलेलं पापण्यांवर. तीन वस्तूंचं काम एकीत. पैसे घालायचेच असतील तर उन्हाच्या क्रीममध्ये घाल, तिथे कंजुषी नको. आणि रोज काढूनही टाकायचं हं. खोबरेल तेलाचा बोळा. लावायला सगळ्यांना येतं, पुसायला कोणाला नको असतं."

मालक गल्ल्यावरून कळवळून म्हणाले, "डबीताई, त्या पोरीला जरा महागाचंही काही दाखवा की."

"दाखवते की. उद्या लग्न ठरलं की आणते तिला. आज पगार झालेला नाही तिचा."

ती मुलगी हसत गेली आणि पुढल्या महिन्यात चार मैत्रिणी घेऊन आली. मालकांना याचं गणित कधी कळलं नाही, पण ते गप्प बसले.

आता माझी लाज सांगते.

दोन वर्षांपूर्वी तिने माझ्यासाठी नवी पावडर काढली. पायरीवर नेलं, रेघ ओढली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "बसली. जरा उजळ वाटेल, पण तुमचीच आहे." मी घरी येऊन आरशात पाहिलं. चेहरा पिठाच्या डब्यात पडल्यासारखा. मान माझी, तोंड भलत्याच कोणाचं. मी ते धुतलं आणि मनाशी म्हटलं, घाईत चुकली असेल.

मग मी लक्ष ठेवायला लागले. सुईत दोरा ओवायला ती मला द्यायला लागली. "दुकानात पिवळा दिवा कोणी लावला?" असं एकदा मालकांना विचारलं. दिवा तोच होता. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती गोल कडी दिसतात म्हणाली, आणि वर, "छान दिसतात," असंही. पायरीवर बायका यायच्या, रेघ ओढून घ्यायच्या, आणि गुलाबी, पांढुरके चेहरे घेऊन जायच्या. कोणी बोलत नव्हतं. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं. एकीने तर कोपऱ्यावर जाऊन रुमालाने पुसताना मला पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना न पाहिल्यासारखं केलं.

सांगायचं ठरवून मी तीनदा गेले. वाक्यं पाठ करून गेले. मी, जिने चार-चार अंकांची भाषणं न अडखळता म्हटली. पहिल्या वेळी दुकानात गर्दी होती. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "डबे, एकदा डोळे दाखवून घेऊ या ना." ती म्हणाली, "माझे? बाई, सगळं शरीर थकेल, पण डोळे मी जाताना सोबत नेणार." तिसऱ्या वेळी ती स्वतःच म्हणाली, "एक आनंदाची गोष्ट आहे," आणि लेकीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. "चेहरा मीच करणार तिचा. चौतीस वर्षं बघतेय तो. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

मी लग्नाची तारीख विचारली.

लेक तिची सावळी. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारी, शांत, दाट भुवयांची. लहानपणापासून तिला कोणी ना कोणी सांगत आलं होतं की आई पावडरी विकते तर थोडी लाव ना. डबी भांडायला उठायची. "माझ्या लेकीचा रंग भाजलेल्या विटेचा आहे. त्याच्यावर ऊन पडलं की बघा," ती म्हणायची.

लग्न साधंच, नोंदणी कार्यालयात. सकाळी आठ वाजता मी त्यांच्या दोन खोल्यांत पोचले. लेक खुर्चीत, डबीच्या हातात बशी. हो, तीच जुनी सवय. दोन स्वस्त पावडरी आणि थोडं क्रीम बशीत कालवून ती लेकीसाठी खास रंग बनवत होती. "बाजारात हा रंग मिळतच नाही," ती म्हणाली. मग लेकीला दारातल्या उजेडात नेलं, जबड्याखाली रेघ ओढली, डोळे बारीक केले. "बसली," म्हणाली.

ती रेघ मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होती. राखेची रेघ.

पुढचा अर्धा तास मी पाहत उभी होते. एक एक बोटाने तो वीटकरी चेहरा राखाडी होत गेला. आणि डबी गुणगुणत होती. काम संपल्यावर तिने आरसा पुढे धरला. लेकीने स्वतःला पाहिलं. मग आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असणार, कारण तिने मान अगदी किंचित हलवली. नाही म्हणून.

"कशी झालेय?" डबीने विचारलं.

"छान, आई," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखी."

कार्यालयाच्या जिन्यावर एकच फोटो निघाला. नवऱ्यामुलाच्या आत्याबाई, बोलायला सढळ, डबीचा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, एवढे दिवस मोठं सांगत होतात. शेवटी लेकीला गोरं केलंतच ना."

डबी आधी हसली, मग थांबली, मग परत हसली. "थट्टा करतात," असं मला म्हणाली. त्या दिवशी तिने तीनदा तरी विचारलं की आत्याबाई असं का म्हणाल्या. मी म्हटलं, "अगं, त्यांना काहीतरी बोलायचं असतं." बेचाळीस वर्षांत एवढा वाईट संवाद मी कधी म्हटला नव्हता, पण तिला ते पटलं.

लग्नानंतर लेक नवऱ्याच्या गावी गेली. पाच महिन्यांनी डबी दुकानाच्या पायरीवरूनच पडली. स्वतःच्या पायरीवरून. मनगट मुरगळलं. दवाखान्यात मनगट बघता बघता डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "आजी, तुम्ही आजवर बघत कशा होतात?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेले. आधी उजवा काढायचा, दीड महिन्याने डावा.

उजव्याची पट्टी निघाली तेव्हा मी शेजारी होते. ती पलंगावर बसून चहूकडे बघत होती.

"भिंत कधी रंगवली?" तिने नर्सला विचारलं.

"आजी, मी इथे लागल्यापासून अशीच आहे."

"आणि तुमचा हा कपडा? काल हिरवट होता."

"निळाच आहे. कालही निळाच होता."

"निळा," डबी म्हणाली. "बाई, किती निळं आहे हो हे."

टॅक्सीत ती लहान मुलीसारखी खिडकीला चिकटली. आकाश निळं, समोरची बस निळी, माझ्या हाताच्या शिरा निळ्या. ती मोजत होती, आणि मी टॅक्सीवाल्याला हळू चालवायला सांगत होते. कारण तिच्या घरात, शिवणयंत्राच्या वरच्या खिळ्याला, तो जिन्यावरचा फोटो टांगलेला होता.

घरी पोचल्यावर मी चहा टाकायला आत गेले. खरं तर पळाले. कप घेऊन आले तर ती फोटोसमोर उभी. डावा तळवा डाव्या डोळ्यावर. मग उजवा तळवा उजव्यावर. पुन्हा डावा.

"उन्हाने उडालाय का हो फोटो?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

तिने मला सुटायला वाट दिली होती. मी ती घेतली. "उडाला असेल. खिडकीसमोरच आहे ना."

तिने फोटो खिळ्यावरून उतरवला आणि दारात नेला. उजेडात. बराच वेळ बघितला.

"उन्हाने उडाला असता तर जावयाचा शर्टही उडाला असता," ती म्हणाली. "मानही उडाली असती. मान तिचीच आहे बघा. विटेची. चेहराच तेवढा उडालाय, आणि तो बरोब्बर जबड्याशी थांबलाय. मी थांबवला तिथे."

मी कप ठेवायला जागा शोधत होते.

"म्हणजे त्या आत्याबाई थट्टा करत नव्हत्या."

"डबे, तुझा काय दोष त्यात. डोळेच तसे होते."

"तुम्हाला दिसलं होतं."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी मान हलवली.

"कधीपासून?"

"तुझ्या त्या पावडरीपासून. माझ्या."

ती खाली बसली. रागावली नाही. ती रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाय धरता आले असते. ती अगदी साध्या आवाजात बोलली, जशी ती माझ्याशी आरशासमोर बोलायची.

"गिऱ्हाइकं बोलली नाहीत, ते कळतं मला. त्यांना मी दुखावेन असं वाटलं. पोरगी बोलली नाही, तेही कळतं. पण बाई, सतरा वर्षं मी तुम्हाला तिसऱ्या घंटेच्या आधी धरून उभी केली. कानामागे रंग राहिला, गळ्याशी रेघ राहिली. प्रेक्षक बसलेत, पडदा थरथरतोय, मॅनेजर शिव्या देतोय. एकदा तरी तशीच जाऊ दिली का तुम्हाला?"

नाही. एकदाही नाही.

चहावर साय धरली. दोघींनी तो घेतला नाही.

रात्री लेकीचा फोन मला आला. "मावशी, आईने फोटो पाहिला का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्या दिवशी दोन मिनिटांत धुवून टाकता आलं असतं. पण मग तिला दुकान सोडावं लागलं असतं, मावशी. मला ते नको होतं." मीही तोच हिशेब करून गप्प बसले होते, आणि आमच्या दोघींच्या गप्प बसण्याने डबीजवळचा लेकीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो तसा झाला होता.

दीड महिना झाला. डाव्या डोळ्याची तारीख आली. सकाळी मी टॅक्सी घेऊन दारात गेले, तर ती घरात नव्हती. दुकानाच्या पायरीवर सापडली. मांडीवर तो फोटो.

"चल, डबे. उशीर होतोय. डॉक्टर थांबणार नाहीत."

"मी येत नाही."

"वेडी आहेस का? आंधळी होशील त्या डोळ्याने."

"होईन तेव्हा होईन." तिने उजवा डोळा झाकला. "या डोळ्यात अजून ती तिच्यासारखी दिसते. ऊन पडल्यासारखी. हाही काढून टाकला तर मग कशाने बघू?"

मी समजावलं. लेकीला फोन लावून दिला, तिने समजावलं, रडली. आई, दुसरा फोटो काढू, म्हणाली. डबी म्हणाली, "काढ की. पण तो लग्नाचा नसेल." मालक दुकानातून बाहेर आले आणि पाहून परत आत गेले. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि मी त्याला जायला सांगितलं. दवाखान्याने नंतर तीन वेळा तारीख दिली. तिन्ही तशाच गेल्या.

ती कामावर येते. गिऱ्हाइकाला पायरीवर आणते, नव्या डोळ्याने बघते, आणि छटा सांगते. आता पुन्हा अगदी अचूक येतं तिचं. पण ती आता 'बसली' म्हणत नाही. विचारते, "कशी वाटते? खरं सांगा हं." बायका म्हणतात, "छान." ती म्हणते, "खरं सांगा." त्या पुन्हा म्हणतात, "छान, ताई." ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहते आणि मग दुसरी डबी उघडते. पाच-पाच, सहा-सहा रेघा. बायकांना घाई असते. हल्ली कमी येतात.

परवा माझी पाळी होती. तिने माझ्या जबड्याखाली रेघ ओढली. मालकांच्या हातआरशात मी पाहिलं, तर रेघ दिसेना. माझाच रंग, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, सुरकुत्यांसकट. कंपनीच्या दिवसांतही तिने माझी इतकी बरोबर छटा काढली नसेल.

"कशी आहे, बाई?"

"अगदी बरोबर आहे, डबे. माझ्या गळ्याची शपथ."

मी खरं बोलत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मग एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"तुमचं तरी काय खरं, बाई," ती म्हणाली, आणि तेलाचा बोळा घेऊन, हलक्या हाताने, सगळं पुसून टाकलं.